वायफाय दिसतंय पण नेट अडतं: माडीवरच्या लॅपटॉपची तपासणी कुठून सुरू करायची

ताई, तुम्ही जे कळवलंय त्यातलं मुद्द्याचं तेवढं आधी परत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. घर रामबागेतलं, जुन्या पद्धतीचं. राऊटर खाली दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, शिकवणीची खोली वर माडीवर, आतल्या अंगाला. लॅपटॉप सात वर्षांचा. दिवसभर कसंबसं चालतं; पण संध्याकाळी सातला दहावीची मुलं ऑनलाइन आली की वीस-पंचवीस मिनिटांत तुमचा आवाज तुटायला लागतो, चित्र थिजतं, कधीकधी वायफायची खूण जाऊन तिथे पृथ्वीचा गोल येतो. मोबाइलवर मात्र त्याच वेळी सगळं सुरळीत. नेटवाला म्हणतो लॅपटॉप खराब. एक दुकानदार म्हणतो राऊटर बदला. दुसऱ्याने विंडोज नव्याने टाकून दिली, पैसे घेतले, फरक शून्य. तास रेकॉर्ड व्हावा म्हणून तुम्ही बाहेरची हार्ड डिस्क जोडून ठेवता. आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय की दिवाळीच्या आधी लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, ती बसवून घेतली.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तिच्याकडे येतोच, पण आधी एक विनंती: तूर्त काहीही विकत घेऊ नका, आणि राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून 'रिसेट' तर अजिबात करू नका. त्या भोकाची गंमत पुढे सांगतो.

आपल्या इंदुरात नळ कोरडा पडला तर कोणी उठून नळ बदलत नाही. आधी शेजारी हाक मारून विचारतो, "नर्मदा आली का?" पाणी तिकडे नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर उपसत आणायचं, मग टाकी, मग गल्लीतली लाइन, मग आपली गच्चीवरची टाकी, मग नळ. शेजाऱ्याकडे पाणी असेल तर खोट आपल्या घरात, नसेल तर बाहेर. एवढी साधी अक्कल आपण पाण्याच्या बाबतीत वापरतो आणि नेटच्या बाबतीत विसरतो. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंतचा हवेतला टप्पा म्हणजे वायफाय, गच्चीच्या टाकीपासून नळापर्यंतचा पाइप. राऊटरच्या पलीकडे जे काही आहे ते इंटरनेट, म्हणजे नर्मदा. "वायफाय जोडलेलं आहे" याचा अर्थ पाइप नळाला लावलेला आहे, इतकाच. पाइपात पाणी आहे असा नाही, आणि पाइप गळत नाही असाही नाही. तुमच्याकडे आलेल्या तिघांनीही कोणता टप्पा अडलाय ते न बघता आपापल्या हाताशी जे होतं ते बदलायला सांगितलं.

आता "मोबाइलवर चालतं" या पुराव्याचं बघू, कारण सगळ्यांची दिशाभूल त्यानेच झालीय. हल्लीचे मोबाइल फार चतुर असतात. वायफाय मंद किंवा अडखळत वाटलं की कित्येक फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. म्हणजे तुमचा मोबाइल त्या वेळी शेजाऱ्याच्या नळाचं पाणी पीत असेल आणि आपण म्हणतोय की आपला नळ वाहतोय. म्हणून पहिलं काम हे: संध्याकाळी अडचण येईल तेव्हा मोबाइल लॅपटॉपच्या अगदी शेजारी ठेवा, मोबाइल डेटा हाताने बंद करा, फक्त वायफायवर ठेवा आणि एखादा व्हिडिओ लावून बघा. राऊटरजवळ खाली जाऊन बघायचं नाही, लॅपटॉप जिथे आहे तिथेच. तोही अडखळला तर लॅपटॉप निम्मा निर्दोष सुटला.

दुसरं काम उलट दिशेचं. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा आणि एक तास तसाच घ्या. डेटाचं पॅक थोडं खर्च होईल, होऊ दे. हातभर अंतरावरच्या हॉटस्पॉटवरही लॅपटॉप तुटला, तर दोष बहुधा लॅपटॉपमध्ये. नाही तुटला, तर लॅपटॉप पूर्ण निर्दोष आहे असं मात्र समजू नका. दुबळा अँटेनासुद्धा हातभरावरून ऐकू शकतो.

तिसरं काम म्हणजे काळ्या खिडकीचं. घाबरू नका, यात काही बिघडत नाही. नुसतं बघायचं आहे. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. जी खिडकी उघडेल तीत इंग्रजी अक्षरांत, सलग, आयपीकॉन्फिग टाइप करा. बऱ्याच ओळी येतील. त्यात वायरलेसच्या खाली 'डिफॉल्ट गेटवे' शोधा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी आकडा असेल. तो तुमचा राऊटर. त्याच्या वर 'आयपीव्ही ४ ॲड्रेस' दिसेल. तो जर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, त्याने आपल्या मनाने एक लावून घेतलाय. असं दिसलं तर वायफायच्या यादीत आपल्या नावावर 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका आणि राऊटर दोन मिनिटं वीज बंद करून चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पत्ता नीट असेल तर पुढे जा. पिंग लिहा, जागा सोडा, गेटवेचा आकडा लिहा, जागा सोडा, मग वजा चिन्ह आणि त्याला चिकटून टी. एंटर. आता दर सेकंदाला एक ओळ येत राहील, शेवटाकडे 'टाइम' आणि मिलीसेकंदांचा आकडा. तशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिथे राऊटरच्या आकड्याऐवजी ८.८.८.८ लिहा. हा बाहेरचा, गूगलचा पत्ता आहे, उत्तर द्यायला सदैव तयार. दोन्ही खिडक्या पडद्याच्या कडेला लावून तास सुरू करा.

आवाज तुटेल त्या क्षणी बोलणं थांबवून दोन्हींकडे बघा. पहिली खिडकी एरवी दोन-पाच मिलीसेकंद दाखवते. ती तेव्हा दोनशे-चारशेवर उड्या मारत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणत असेल, तर गळती घरात आहे, राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या हवेत. नेटवाल्याशी भांडून उपयोग नाही. पहिली शांत आणि फक्त दुसरी अडखळत असेल, तर नर्मदेची लाइन. मग फोन करून "नेट चालत नाही" असं न सांगता "राऊटरपर्यंत तीन मिलीसेकंदांत जातंय, बाहेर पॅकेट पडताहेत" असं सांगा. (पॅकेट म्हणजे माहितीचे छोटे तुकडे.) एवढं वाक्य ऐकलं की समोरचा माणूस "राऊटर बंद करून चालू करा" हे पाठ केलेलं सोडून कामाचं बोलायला लागतो. आणि दोन्ही शांत, तरी पानं उघडत नाहीत, असं झालं तर मामला तिसराच. त्याबद्दल शेवटी दोन ओळी.

माझा अंदाज सांगू? तुमची पहिली खिडकी अडखळेल. आणि एका मोठ्या दोषामुळे नाही, तीन लहान दोष संध्याकाळी एकत्र येतात म्हणून. एकेक करून सांगतो.

पहिला दोष बिजागरीतला. लॅपटॉपचा वायफायचा अँटेना बहुतेक मॉडेलमध्ये पडद्याच्या चौकटीत, वरच्या किंवा बाजूच्या कडेला असतो. तिथून दोन बारीक वायरी, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीच्या फटीतून खाली येतात आणि वायफायच्या कार्डावर टिचकीच्या बटणासारख्या बसतात. ती टोकं जिऱ्याच्या दाण्याएवढी असतात. बिजागरी बदलायची म्हणजे पडदा सुटा करायचा, म्हणजे या वायरी काढायच्या किंवा ओढायच्या. घाईत बसवणाऱ्याकडून एखादं बटण अर्धवट बसतं, किंवा वायर बिजागरीच्या स्क्रूखाली चिमटते. लॅपटॉप चालू होतो, वायफाय दिसतं, राऊटरजवळच्या टेबलावर तपासलं की झकास. गिऱ्हाईक घरी जातं आणि आतल्या खोलीत बसलं की रडगाणं सुरू.

हे मी दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवून सांगत नाहीये. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचं कार्ड मी दोनदा बदललं, तिसऱ्यांदा उघडल्यावर दिसलं की मीच पहिल्यांदा वायर चिमटवली होती. दोन्ही कार्डांचे पैसे परत केले. तेव्हापासून पडदा सुटा केलेल्या प्रत्येक लॅपटॉपचं वायफाय मी दुकानात नाही, दुकानाबाहेर दोन भिंती सोडून तपासतो.

तुम्ही घरी हे न उघडता तपासू शकता. काळ्या खिडकीत चार शब्द, प्रत्येकानंतर जागा सोडून: नेटश (एन, ई, टी, एस, एच), डब्ल्यूलॅन (डब्ल्यू, एल, ए, एन), शो, इंटरफेसेस. जी माहिती येते तीत 'सिग्नल' म्हणून टक्के दिसतील. लॅपटॉप खाली नेऊन राऊटरच्याच खोलीत, मध्ये काही आड न येता दहा-बारा फुटांवर ठेवा आणि हा आकडा बघा. तिथे ऐंशी-नव्वदच्या पुढे असायला हवा. चाळीस-पन्नास दिसला तर अँटेनाची वायर सुटलीय, दुसरं काही शोधत बसू नका. मग लॅपटॉपचं झाकण हळूहळू पुढे-मागे करत हीच आज्ञा पुन्हा पुन्हा द्या. झाकण हलवल्यावर टक्के वीसेक टक्क्यांनी खालीवर होत असतील तर वायर बिजागरीत चिमटलीय.

या टक्क्यांचा अर्थही समजून घ्या. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. विंडोज साधारण उणे ५० डीबीएमला शंभर टक्के धरते आणि उणे १०० ला शून्य. म्हणजे पन्नास टक्के म्हणजे उणे ७५. आणि हे माप सरळ नाही: दर तीन डीबीएमला ताकद निम्मी होते, दर दहाला दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे "सत्तर टक्क्यांवरून पन्नासवर आलं, थोडंच कमी झालं" असं वाटतं, प्रत्यक्षात दहाचा एक झालेला असतो. उणे ६७ च्या आसपास, म्हणजे पासष्ट टक्क्यांपर्यंत व्हिडिओचा तास नीट होतो. पन्नासच्या खाली तो नशिबावर चालतो.

दुसरा दोष, आणि हा ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, तुमची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची उपकरणं काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात, आणि वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी एक तिथेच आहे. हे माझं मत नाही, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक लेख काढला होता. हार्ड डिस्क, तिची आखूड वायर आणि लॅपटॉपचं निळं यूएसबी भोक हे तिन्ही अँटेनाच्या शेजारी असतात, आणि वायफाय २.४ वर असेल तर लॅपटॉपला राऊटरचा आवाज ऐकूच येत नाही. लग्नाच्या मांडवात बँडवाल्याच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं. दिवसा तुम्ही डिस्क लावत नाही, संध्याकाळी रेकॉर्डिंगसाठी लावता. तुमचं "संध्याकाळीच का होतं" हे कोडं माझ्या मते निम्मं इथेच सुटतं. एका संध्याकाळी तास डिस्क न लावता घ्या, रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्येच साठवा आणि तास संपल्यावर डिस्कवर हलवा. जमलं तर एवढ्या एका बदलाचा निकाल मला कळवा. यात एक पैसा लागत नाही.

तिसरा दोष हवेतल्या गर्दीचा आणि भिंतीचा, आणि हा जरा खुलवून सांगावा लागेल.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत विनापरवाना खुला झाला. त्याआधी घरी वायफाय लावणं कागदोपत्री सोपं नव्हतं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर हसतील. या पट्ट्यात चॅनेल तेरा आहेत, पण ती एकमेकांवर पसरलेली. एकमेकांना न खेटणारी म्हणाल तर तीनच: १, ६ आणि ११. रामबागेसारख्या जुन्या, भिंतीला भिंत असलेल्या वस्तीत मी वायफायची यादी उघडतो तेव्हा पंधरा-वीस नावं सहज दिसतात. म्हणजे तीन वाटा आणि वीस बैलगाड्या. वायफायचा नियमच असा आहे की बोलण्याआधी कान द्यायचा, कोणी बोलत असेल तर थांबायचं. दुपारी शेजारी ऑफिसात, शाळेत. संध्याकाळी सात ते दहा सगळे घरी, प्रत्येकाकडे टीव्हीवर काहीतरी लागलेलं. तुमचा लॅपटॉप वाट बघत उभा. त्यात स्वयंपाकघरात कोणी मायक्रोवेव्ह लावला तर तोही याच पट्ट्यात, २.४५ वर चालतो आणि नियम पाळत नाही.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या मानाने रिंग रोडसारखा रुंद. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने त्यात ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले. तिथे गर्दी कमी, वेग जास्त, हार्ड डिस्कचा गोंगाट पोचत नाही. पण त्याची खोड अशी की तो भिंतीला लवकर हरतो. आणि तुमची भिंत म्हणजे दीड-दोन फुटांची विटांची, चुन्याची. त्यातही एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही: लाट भिंतीतून सरळ गेली तर दीड फूट कापते, तिरकी गेली तर तीच भिंत तिला तीन-चार फुटांची होते. तुमचा राऊटर खाली पुढच्या कोपऱ्यात, तुम्ही वर मागच्या अंगाला. म्हणजे लाट अगदी तिरकी चाललीय. शिवाय राऊटर टीव्हीच्या मागे. टीव्हीच्या पाठीचा पत्रा, लोखंडी कपाट, कपाटावरचा मोठा आरसा, पाण्याची टाकी, हे सगळे वायफायचे शत्रू. घर सुबक दिसावं म्हणून राऊटर लपवायची पद्धत आहे, पण दिवा कपाटात ठेवून उजेड मागण्यासारखं आहे ते.

जुन्या घरात माझा आवडता उपाय जिना. जिन्याची पोकळी ही वर जायची मोकळी वाट आहे, माणसांना आणि लाटांनाही. राऊटर जिन्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर भिंतीला लावा. फायबरची वायर तेवढी लांब नसेल तर नेटवाल्याला सांगून सरकवून घ्या; स्वतः ओढू नका, फायबर आत काचेचा असतो, तीव्र वळण पडलं की प्रकाश गळतो. मी अशी कित्येक घरं पाहिलीत जिथे राऊटर बारा फूट सरकवल्याने जे झालं ते तीन हजारांच्या नव्या राऊटरने झालं नव्हतं.

मग राऊटरच्या सेटिंगमध्ये, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तोच गेटवेचा आकडा टाकून, दोन कामं करा. एक, दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, उदाहरणार्थ शेवटी दोन आणि पाच लावून. एकच नाव असलं की राऊटर जुन्या लॅपटॉपला कधी इकडे, कधी तिकडे ढकलतो, आणि दर ढकलण्याला दोन-चार सेकंद आवाज जातो. दोन, २.४ चं चॅनेल 'ऑटो'वरून काढून १, ६, ११ पैकी जे रिकामं दिसेल त्यावर ठेवा.

'ऑटो'वरून आठवलं. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या एका मुलाचा कोरा करकरीत लॅपटॉप माझ्याकडे आला होता. घरातल्या सगळ्या फोनना वायफाय दिसतं, याला नावच दिसत नाही. घरच्यांनी तिकडचा माल म्हणून नाकं मुरडली. राऊटरने आपल्या मनाने १३ वं चॅनेल पकडलं होतं. अमेरिकेसाठी बनलेली कार्डं सहसा ११ च्या पुढे बघतच नाहीत. चॅनेल ६ केलं, दोन मिनिटांत काम संपलं. मी काही घेतलं नाही, त्याच्या आजीने चिवडा बांधून दिला.

तुमच्या लॅपटॉपमध्ये मुळात ५ चा पट्टा आहे का, तेही बघायला हवं. सात वर्षांपूर्वीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बरेचदा नसायचा. मघाच्याच माहितीत 'रेडिओ टाइप' आणि 'रिसीव्ह रेट' बघा. ८०२.११ एन आणि ७२ असं दिसलं तर एका अँटेनाची, एका अरुंद वाटेची जुनी जोडणी आहे. त्यातून प्रत्यक्ष निम्माच वेग हाती येतो. म्हणून शंभरचा प्लॅन असून स्पीड टेस्टमध्ये तीस-पस्तीस दिसतात, आणि नेटवाला खोटं बोलतोय असं वाटतं. पण व्हिडिओच्या तासाला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. तुम्हाला वेग कमी पडत नाहीये, सलगपणा कमी पडतोय. प्लॅन वाढवून काही होणार नाही.

लॅपटॉपच्या आतलं आणखी एक काम, पाच मिनिटांचं. स्टार्टवर उजवं बटण, 'डिव्हाइस मॅनेजर', 'नेटवर्क ॲडाप्टर्स', तिथे वायरलेसच्या नावावर दोनदा टिचकी, 'पॉवर मॅनेजमेंट'. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी, अशा अर्थाच्या ओळीची खूण काढून टाका. काही मॉडेलमध्ये हा भाग दिसतच नाही, मग सोडून द्या. ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या मॉडेलचाच घ्या. विंडोज नव्याने टाकली की ती हाताशी असलेला साधारण ड्रायव्हर लावून मोकळी होते. त्यामुळे तो उपाय कधीकधी दुखणं वाढवतो. ज्याने तुमच्याकडून पैसे घेतले त्याने ड्रायव्हर टाकला का, हे विचाराच. आणि रोज रात्री 'शटडाउन' करता म्हणून लॅपटॉप ताजातवाना सुरू होतो असं नाही; 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज अर्धी झोपते. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा.

राऊटरच्या बाबतीत नवा घेण्याआधी त्याचा छोटा वीजपुरवठ्याचा ॲडाप्टर बदलून बघा. पाच-सहा वर्षं दिवसरात्र तापून तो थकतो, बारा व्होल्टचे दहा-साडेदहा देतो, आणि काम वाढलं की राऊटर आपोआप बंद होऊन चालू होतो. व्होल्ट तेवढेच आणि ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त, पिन तीच, इतकं जुळवायचं. फायबरच्या डब्यावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा दिसला तर तो मात्र शुद्ध नर्मदेचा प्रश्न, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. घरात काही करू नका, फोन करा.

आणि ते भोक. बंद करून चालू करणं वेगळं, टाचणीने रिसेट करणं वेगळं. टाचणी घातली की नेटवाल्याने त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकी सगळं पुसलं जातं, राऊटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी शनिवारी रात्री व्हिडिओ बघून टाचणी घातली आणि नेटवाला सोमवारी दुपारी आला. मधल्या काळात नातवाने घर डोक्यावर घेतलं होतं.

आता तो तिसरा मामला, दोन्ही पिंग शांत पण पानं उघडत नाहीत. आधी लॅपटॉपची तारीख बघा. जुन्या लॅपटॉपच्या बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळं लॅपटॉपला दारातच उभं करत नाहीत. तारीख बरोबर असेल तर डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लावून बघा, जुनं व्हीपीएन किंवा ऑफिसची प्रॉक्सी (दोन्ही नेट आडवाटेने नेतात) राहिली असेल तर काढा.

खर्च करायचाच झाला तर क्रम माझा असा. सगळ्यात आधी वायर. हो, साधी निळी लॅन केबल, कॅट ६, जिन्याच्या कडेने वर. शंभर मीटरपर्यंत तिला काही होत नाही आणि शेजाऱ्यांची गर्दी तिला माहीत नाही. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा जोड मिळतो. शिकवणी हे पोटापाण्याचं काम आहे, ते हवेच्या भरवशावर का ठेवायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. वायर ओढणं शक्यच नसेल तर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी वायफाय डोंगल, हजाराच्या आसपास; तो हातभर यूएसबी वायरने लॅपटॉपपासून दूर, जिन्याच्या दिशेला टांगा. सिग्नल वाढवणारे जे 'रिपीटर' मिळतात ते मी शेवटी धरतो, कारण ते एक ऐकून तेच पुन्हा बोलतात, म्हणजे गर्दीत आणखी एक बोलका.

तर या आठवड्यात एवढं करा: पहिल्या दिवशी काही न बदलता दोन पिंग लावून तास घ्या आणि तुटण्याची वेळ कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी फक्त हार्ड डिस्क काढा. तिसऱ्या दिवशी राऊटर टीव्हीमागून काढून जिन्याकडे. एका दिवशी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. खाली राऊटरजवळचे टक्के आणि वर माडीवरचे टक्के, दोन्ही लिहून ठेवा. राऊटरजवळ टक्के साठच्या खाली आले तर शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन या, चार्जरसकट. राऊटर आणू नका. बिजागरी उघडून वायर बसवायला अर्धा तास लागतो, आणि तपासायला आपण बाहेर दोन भिंती सोडून जाऊ.